आधी कोण, नंतर कोण

तीन गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाश निर्वात पोकळीतूनसुद्धा जेमतेम 10 सेंटिमीटर जातो. तारेतून जाणारा संदेश त्याहूनही कमी. म्हणजे सर्व्हरच्या बोर्डाच्या एका टोकाला एखादी संख्या लिहिली गेली, तर दुसऱ्या टोकाला ती त्याच ठोक्यात कळणं निसर्गालाच मंजूर नाही. मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायला तर साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे 300 ठोके. तेवढा वेळ प्रोसेसर हातावर हात ठेवून बसत नाही. लिहायचं ते तो स्वतःजवळच्या एका छोट्या रांगेत, स्टोअर बफरमध्ये, टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. लिहिलेलं त्याचं त्याला लगेच दिसतं. शेजारच्या कोअरला, म्हणजे त्याच चिपमधल्या दुसऱ्या प्रोसेसरला, ते कधी दिसेल, हा वेगळा प्रश्न.

त्या वेगळ्या प्रश्नावर आज नवी मुंबईतला फार मोठा कारभार उभा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसीच्या पट्ट्यात एके काळी रसायनांच्या कारखान्यांचं राज्य होतं. आता तिथे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती एकापाठोपाठ उभ्या राहत आहेत. त्यांतल्या एकेका सर्व्हरमध्ये डझनावारी कोअर, कधी शंभराहूनही जास्त, एकाच मेमरीत लिहीत-वाचत असतात. बाहेरून आपण धरून चालतो की आत एक घड्याळ असेल, घटनांचा एक क्रम असेल आणि कोणालाही विचारलं तरी तोच सांगितला जाईल. तसं काही आत नसतं. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, याचं प्रत्येक कोअरचं उत्तर वेगळं असू शकतं आणि प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर असतं. मला ठामपणे वाटतं की क्रम ही यंत्रात आयती सापडणारी गोष्ट नाही. तो दोन पक्षांनी करार करून निर्माण करावा लागतो. ज्याने करार केला नाही, त्याचा प्रोग्रॅम नशिबावर चालतो, मग तो कितीही वर्षं नीट चाललेला असो.

दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे दोन प्रवाह, घ्या. सुरुवातीला क्ष आणि य दोन्ही शून्य. पहिला थ्रेड क्षमध्ये 1 लिहितो आणि मग य वाचतो. दुसरा यमध्ये 1 लिहितो आणि मग क्ष वाचतो. या चार पायऱ्या कागदावर कशाही गुंफा, निदान एकाला तरी 1 दिसलाच पाहिजे, कारण सगळ्यांत शेवटी जो वाचतो त्याच्याआधी समोरच्याचं लिहून झालेलं असतं. आता हेच इंटेलच्या साध्या लॅपटॉपवर लाखो वेळा चालवून पाहा. अधूनमधून दोघांनाही शून्य दिसतं. दोघांचं लिखाण आपापल्या स्टोअर बफरमध्ये पडून होतं आणि दोघांनी मेमरीतलं जुनंच वाचलं. यंत्र बिघडलेलं नाही. इंटेलच्या मॅन्युअलमध्येच हे होऊ शकतं असं लिहिलेलं आहे.

कागदावरच्या त्या गुंफणीला लेस्ली लॅम्पोर्टने 1979 साली नेमकी व्याख्या दिली, सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी: सगळ्या थ्रेडच्या सगळ्या क्रिया जणू एकाच माळेत ओवलेल्या आहेत आणि त्या माळेत प्रत्येक थ्रेडचा आपला क्रम शाबूत आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला जे शिकवतात ते सगळं याच जगातलं असतं. दोन थ्रेडना एकाच वेळी एका कामात शिरू न देणारा पीटरसनचा 1981चा अल्गोरिदम मुलं जर्नलमध्ये उतरवतात, परीक्षेत तो बरोबर असल्याची सिद्धता लिहितात, आणि समोरच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर तो जसाच्या तसा चालवला तर मोडू शकतो, कारण त्याचा कणा म्हणजे वरचंच क्ष-यचं उदाहरण. मध्ये एक बॅरिअर, म्हणजे आधीचं लिखाण पोचेपर्यंत पुढचं वाचू न देणारी आज्ञा, घातला की तो पुन्हा उभा राहतो. हा बॅरिअर शिकवायला दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं अभ्यासक्रमात नसणं मला अन्यायाचं वाटतं. विद्यार्थ्याला आपण एक सिद्धता देतो आणि ती कोणत्या जगात खरी आहे, ते सांगत नाही.

व्यवहारात जास्त भेटणारं रूप वेगळं आहे. एक थ्रेड डेटा तयार करतो आणि मग फ्लॅग वर करतो. दुसरा फ्लॅगवर नजर ठेवून असतो आणि तो वर झाला की डेटा उचलतो. वाशीच्या एपीएमसीत अडत्या गाळ्यात माल उतरवून घेतो आणि गिऱ्हाइकाला फोन करतो, तसंच हे. फोन आधी गेला आणि ट्रक अजून फाटकावरच असेल तर घोटाळा, हे कोणालाही कळतं. पण दुसऱ्या बाजूनेही घोटाळा होतो, तो चटकन लक्षात येत नाही. गिऱ्हाईक फोन येण्याआधीच गाळ्यात डोकावून आलं आणि फोन आल्यावर मघाशी पाहिलेलंच खरं धरून चाललं, तर अडत्याने सगळं नियमाने केलेलं असूनही गिऱ्हाइकाच्या लेखी गाळा रिकामाच. प्रोसेसर हे नेहमी करतात: पुढे लागेल म्हणून डेटा आधीच वाचून ठेवतात. म्हणून लिहिणाऱ्याने ‘रिलीज’ म्हणायचं असतं, म्हणजे याआधीचं माझं सगळं लिखाण या फ्लॅगच्या अगोदर पोचलेलं असेल. आणि वाचणाऱ्याने ‘ॲक्वायर’, म्हणजे यापुढचं काहीही मी हा फ्लॅग वाचण्याआधी वाचणार नाही. एकट्या रिलीजला अर्थ नाही, एकट्या ॲक्वायरलाही नाही.

इथे आणखी एक गल्लत अनुभवी माणसंही करतात. व्हेरिएबल ॲटॉमिक केलं म्हणजे काम झालं, असं त्यांना वाटतं. ॲटॉमिक असणं म्हणजे क्रिया मध्ये तुटणार नाही एवढंच. काउंटर एकने वाढवणं हे दिसायला एक काम, पण आत वाचणं, मिळवणं आणि लिहिणं अशी तीन कामं आहेत. दोन कोअर मध्येच एकमेकांत घुसले तर दोनदा वाढवून काउंटर एकानेच वाढतो. ॲटॉमिक क्रिया ते टाळते. पण त्या काउंटरच्या आजूबाजूला जे लिहिलं-वाचलं, त्याच्या क्रमाबद्दल ती आपणहून काहीच बोलत नाही. सी प्लस प्लसमध्ये ‘रिलॅक्स्ड’ म्हणून मागितलेली ॲटॉमिक क्रिया नेमकी अशी असते: अभंग, पण क्रमाबद्दल मुकी. नुसत्या मोजणीसाठी ती उत्तम. फ्लॅगसाठी घातक.

आणि हा घात दिसत नाही, हीच खरी अडचण. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर एका कोअरची लिखाणं बाकीच्यांना त्याच क्रमाने दाखवतात आणि वाचनंही क्रमाने झाल्यासारखीच ठेवतात, त्यामुळे कंपायलरने उलटापालट केली नाही तर डेटा-फ्लॅगचा सदोष प्रोग्रॅमही त्यांच्यावर बिनबोभाट चालतो. आर्मचे प्रोसेसर असा शब्द देत नाहीत. ॲपलने 2020 साली मॅक आर्मवर नेले, तेव्हा इंटेलसाठी बनलेले प्रोग्रॅम चालवण्यासाठी एम1 चिपमध्ये इंटेलसारखा क्रम पाळणारी वेगळी सोय मुद्दाम ठेवावी लागली, यावरून क्रम पाळला जाईलच या मुक्या गृहीतकाचं वजन कळावं. सर्व्हरच्या जगात अशी सोय सहसा मिळत नाही, आणि वीज व भाडं वाचतं म्हणून आर्मकडे जाणाऱ्या कंपन्या वाढत आहेत.

महापेतल्या एका कंपनीच्या अशाच एका स्थलांतराशी माझा संबंध आला. संदेश एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे देणारी रांग होती. इंटेलवर वर्षानुवर्षं तक्रार नव्हती. आर्मवर काही तासांतून एखादी नोंद अर्धवट येऊ लागली. तपासायला प्रिंटची ओळ घातली की दोष गायब, कारण प्रिंट स्वतःच आत लॉक घेतो आणि तेवढ्याने क्रम लागतो. मग बैठकीत सूचना आली की मध्ये एक मिलिसेकंदाची झोप घालू या, चालतंय ना! या ‘चालतंय ना’ची मला मनापासून चीड आहे. झोप घातल्याने दोष जात नाही, तो फक्त विरळ होतो, आणि विरळ झालेला दोष शोधायला जास्त महाग. दुरुस्ती होती दोन शब्दांची: फ्लॅग लिहिताना रिलीज, वाचताना ॲक्वायर. पण ती दुरुस्ती बरोबर आहे हे कितीही तास प्रोग्रॅम चालवून सिद्ध होत नाही. ते कराराकडे बोट दाखवूनच सांगता येतं.

हा करार कुठून आला, ते नवी मुंबईच्या वाचकाला जवळचं वाटावं असं आहे. ऐरोलीचा पूल ओलांडून खाडीपलीकडे गेलं की पवई फार लांब नाही. तिथल्या आयआयटीतून 1987 साली सरिता अडवे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये बी.टेक. झाल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क हिल यांच्याबरोबर त्यांनी 1990 साली एक शोधनिबंध लिहिला. तोवर प्रश्न असा विचारला जात होता की हार्डवेअर नेमकी कोणकोणती उलटापालट करतं. प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं, प्रत्येक मॅन्युअलची भाषा वेगळी. अडवे आणि हिल यांनी प्रश्नच बदलला: प्रोग्रॅमरने काय पाळलं तर हार्डवेअरने काय द्यायचं? त्यांचं उत्तर असं. प्रोग्रॅमरने समन्वयाच्या जागा, म्हणजे लॉक, फ्लॅग, ठळकपणे खुणावून द्याव्यात, आणि उरलेल्या डेटावर दोन थ्रेडची झुंबड, म्हणजे डेटा रेस, होऊ देऊ नये. एवढं पाळलं तर हार्डवेअरने वचन द्यायचं की आत काहीही उलटसुलट केलं तरी तुला लॅम्पोर्टची सरळ माळच दिसेल. यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ही की झुंबड आहे की नाही, हे तपासायचं तेही त्या सरळ जगातच. स्टोअर बफर माहीत नसलेल्या प्रोग्रॅमरलाही आपला भाग पुरा करता येतो. यंत्राला वेग मिळतो, माणसाला समज मिळते, आणि कोणी कोणाचं देणं लागतं ते स्पष्ट होतं.

हा विचार भाषांच्या नियमांत उतरायला बराच काळ गेला. जावाचं पहिलं मेमरी मॉडेल, म्हणजे त्या भाषेचा असा करार, सदोष निघालं; 2004 साली आलेल्या जावा 5मध्ये ते नव्याने मांडलं गेलं, आणि त्या कामात जेरेमी मॅन्सन व बिल प्यू यांच्याबरोबर अडवे होत्या. हान्स बोम यांनी 2005 साली दाखवून दिलं की भाषेला थ्रेडची जाणीव नसेल तर नुसती लायब्ररी जोडून काम भागत नाही. पुढे बोम आणि अडवे यांनी सी प्लस प्लसच्या मॉडेलचा पाया मांडला आणि ते 2011च्या प्रमाणकात आलं. लिनक्स कर्नल 1991चं. त्याचं औपचारिक मेमरी मॉडेल आलं 2018 साली. ज्या कोडवर जगातले सर्व्हर चालत होते, त्याचा हा करार तोवर मुख्यतः गद्य टिपणांत आणि जाणत्यांच्या डोक्यात होता.

त्याच पवईत 2019 साली अजित नावाचा प्रोसेसर तयार झाला, प्रा. माधव देसाई यांच्या चमूचं काम. तो स्पार्क व्ही8 या आज्ञासंचावर बेतलेला आहे, आणि हा तो आज्ञासंच ज्याच्या मॅन्युअलने मेमरीचा क्रम हा स्वतंत्र, व्याख्या करण्याजोगा विषय मानला. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा व्हेगा हे रिस्क-फाइव्हचे. तिथला मूळ नियम आर्मसारखा सैल. देशी चिपवर आपलं सॉफ्टवेअर नेण्याची भाषा आपण आता करतो, तेव्हा त्या सॉफ्टवेअरमध्ये इंटेलच्या मेहेरबानीवर उभं असलेलं किती आहे, हे आधी तपासावं लागेल. खारघर-बेलापूरच्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या अंगावर हे काम येणार आहे. त्यांना मी एकच पथ्य सांगतो: आधी लॉक वापरा किंवा सगळ्यांत कडक क्रम मागा, सैल क्रम तिथेच मागा जिथे तो का पुरतो हे कॉमेंटमध्ये पूर्ण वाक्यांत लिहिता येतं. वाचलेले नॅनोसेकंद मोजून दाखवता येत नसतील, तर ते वाचवू नका.

आणि सैल क्रमाबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण कराराचं ते कलम अजून धड लिहिलेलं नाही. पुन्हा दोन थ्रेड, पुन्हा क्ष आणि य शून्य. पहिला क्ष वाचतो आणि जे वाचलं ते यमध्ये लिहितो. दुसरा य वाचतो आणि ते क्षमध्ये लिहितो. सगळं रिलॅक्स्ड. प्रोग्रॅममध्ये 42 ही संख्या कुठेही नाही. तरी नियम अक्षरशः लावले तर दोघांनीही 42 वाचणं बसतं: पहिल्याने वाचलं कारण दुसऱ्याने लिहिलं, दुसऱ्याने लिहिलं कारण पहिल्याने लिहिलेलं वाचलं. कोणतंही यंत्र असं करत नाही. पण कंपायलरच्या रास्त सुधारणांना धक्का न लावता एवढंच नेमकं बाद करणारा नियम अजून सर्वमान्य झालेला नाही. 2017 साली प्रॉमिसिंग सिमँटिक्स नावाचा एक प्रस्ताव आला, पुढे आणखी काही आले. सी प्लस प्लसच्या प्रमाणकात याबद्दल गणित नाही. अशा हवेतून उगवलेल्या संख्या निर्माण होऊ देऊ नयेत, अशी कंपायलर बनवणाऱ्यांना साध्या गद्यात केलेली एक सूचना आहे.