दादाच्या ऑपरेशनआधी

देवनार, मुंबई ८८

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

दादाच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी साडेपाच सेंटीमीटरच्या पुढे फुगली आहे, तेव्हा ऑपरेशन टाळू नये हे मलाही पटतं. आइनस्टाइन याच दुखण्याने १९५५ साली गेले. तू हृदयाची सगळी चौकशी केलीस, मूत्रपिंडांविषयी मात्र अवाक्षर नाही.

पोट उघडून ऑपरेशन करताना ती रक्तवाहिनी क्लॅम्प लावून काही वेळ बंद ठेवतात. मूत्रपिंडांच्या धमन्या तिच्यातूनच निघतात. क्लॅम्प त्यांच्या वर लागला, तर तेवढा वेळ मूत्रपिंडं रक्तावाचून राहतात. खाली लागला तरी धोका पुरता टळत नाही. रक्त जातं, बीपी उतरतं. म्हणून क्लॅम्प कुठे लागेल, हे सर्जनना सरळ विचार. मांडीतून स्टेंट घालणार असतील तर डाय टोचतात, तोही मूत्रपिंडांना जड जाऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. दादाचं क्रिएटिनिन आज ०.८ आहे. ऑपरेशननंतर आठवड्यात ते १.२ झालं, तर लॅबच्या कागदावर नॉर्मलच छापून येईल आणि तुम्ही सगळे हुश्श कराल. पण ते दीडपट झालेलं असेल, आणि दीडपट वाढ म्हणजे मूत्रपिंडाला इजा, असंच डॉक्टर धरतात. ४८ तासांत ०.३ ने वाढलं तरी तेच. लॅबचं नॉर्मल दादाचं नॉर्मल नव्हे! आजचा रिपोर्ट जपून ठेव.

आयसीयूत नातेवाईक मॉनिटरकडे टक लावून बसतात. नोकरीभर हेच पाहिलं. तू लघवीच्या पिशवीची चौकशी करत जा. दादाचं वजन साठ किलो. सलग ६ तास, तासाला ३० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर डॉक्टरांना विचार. घाबरू नकोस, बहुतेकांची मूत्रपिंडं सावरतात. काहींना थोडे दिवस डायलिसिस लागतं.

गुडघ्यासाठी तो मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खातो, ते आजपासून बंद. शेजाऱ्यांचे काढेही नकोत. बीपीच्या गोळ्या मात्र मनाने थांबवू नका. कोणती कधी थांबवायची ते भूलतज्ज्ञ सांगतील. विडी सोडायचं तू सांग, माझं तो ऐकत नाही.

डिस्चार्जनंतर इथेच राहा. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा करायचं आहे. येताना जुने रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन ये.

तुझी,
आत्या