वज्जींची सभा आणि येरळेचे पाणी



मगधराज अजातशत्रूला वज्जींचा उच्छेद करावयाचा होता. त्याने आपला अमात्य वर्षकार ह्यास गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठविले. तथागतांनी आनंदास विचारले, वज्जी वारंवार सभा भरवितात काय? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात काय? हत्ती किती, सैन्य किती, हे विचारले नाही! पुढे भिक्खूंना जमवून संघालाही त्यांनी हेच सांगितले.

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खूसंघातील ठराव, गणपूर्ती व मतमोजणीचे नियम सांगितले. ही लोकशाही आपण एकदा गमावली, दुसऱ्यांदा गमावणार काय, ही त्यांची चिंता होती.

पाच वर्षांतून एकदा मत टाकल्याने ही चिंता मिटत नाही. शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवितो. पुस्तकात संसद आहे. वाळूचा हिशेब नाही. तो सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात पाहावा. १९८२ च्या गिरणी संपात गावी परतलेले कामगार आणि दुष्काळाने गांजलेले शेतकरी ह्यांतून तेथे मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा कोरडी, आणि तिच्या पात्रातील वाळू ठेकेदार नेत होते. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ठरविले की, थोडी वाळू आपणच विकू आणि त्या पैशांतून धरण बांधू. त्यासाठी सरकारशी झगडावे लागले. १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभे राहिले. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसावर ठरला. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्याच्या घरालाही वाटा!

१९२७ साली महाडला ओंजळभर पाण्यासाठी ज्यांनी डोकी फोडून घेतली, त्यांच्या लेकरांना ह्या ठरावाचे मोल सांगावयास नको. हा ठराव कोणी मंत्र्याने दिला नाही. तो लोकांनी एकत्र बसून, भांडून केला.

आता वाचकहो, सातारा-सांगलीकडील आपल्या विहारांकडे वळू. कित्येक समित्या १४ एप्रिलच्या तोंडावर वर्गणीपुरत्या जागतात. अध्यक्ष तोच, खजिनदार त्याचाच भाचा, वही कुलुपात. हिशेब विचारणारा तरुण 'फुटीर' ठरतो. ह्याला एकोपा म्हणावयाचे काय? वज्जींचा एकोपा सभेत बसून झालेला होता. गप्प बसवून झालेला नव्हे.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. ग्रंथवाचनाला सारी वस्ती जमते. पहिल्याच संध्याकाळी वाचनानंतर वही उघडा. जमाखर्च एखाद्या भगिनीने मोठ्याने वाचावा, आणि मागच्या ओळीतल्या म्हातारीचा प्रश्नही इतिवृत्तात लिहून घ्यावा.