पुसणाऱ्याची नजर

विमानाच्या काचेवर वाळून बसलेला किडा कोरड्या फडक्याने पुसू नये. हे ज्ञान मला दिल्लीत मिळाले, तेही एक काच खराब केल्यावर.

१९९०च्या दशकात मी शिकायला दिल्लीत होतो. विमान उडवायचे वेड होते, पैसे नव्हते. शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर रविवारी जायचे, पडेल ते काम करायचे आणि त्याच्या बदल्यात कधीतरी उजव्या खुर्चीत बसून एक फेरी मारून यायची, असा व्यवहार ठरला होता. पडेल ते काम म्हणजे बहुधा धुणे-पुसणे. विमान सेस्ना १५२, दोन माणसांचे. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या पुढच्या कडा किड्यांनी बरबटत. थंडीत दिल्लीचे धुके आणि धूर मिळून साऱ्या अंगावर चिकट राखाडी थर चढवीत.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी मला पुसायला शिकवले. समोरची काच ही काच नसतेच, ते ॲक्रिलिक, लगेच ओरखडते. आधी भरपूर पाणी सोडायचे. मग अंगठी, घड्याळ काढून उघड्या हाताने कण चाचपून काढायचे. त्यानंतर मऊ सुती कापड, तेही वरून खाली. गोल गोल पुसले तर ओरखडेही गोल उठतात आणि सूर्य समोर आला की त्यांचीच चमक डोळ्यांत जाते. पंखांच्या कडांवर ओले फडके पांघरून थांबायचे. किडा मऊ झाला की आपसूक सुटतो. नखाने खरवडले की रंग जातो.

मी एकदा विचारले, एवढ्याशा किड्यांनी वेग असा किती कमी होतो? स्पर्धेतल्या ग्लायडरला फरक पडतो हे मला ठाऊक होते. त्याच्या पंखावरून हवा अगदी गुळगुळीत वाहावी लागते. सेस्नाला जवळपास काही फरक पडत नाही. उस्ताद म्हणाले, “वेगाचं राहू दे. समोरून दुसरं विमान येत असेल तर ते काचेवर कसं दिसेल?” मग त्यांनीच सांगितले. जे विमान बाजूने निघून जाणार असते, ते काचेवर सरकताना दिसते. जे तुमच्यावर आदळणार असते, ते एका जागी स्थिर दिसते. बारीक, काळा, न हलणारा ठिपका. अगदी मेलेल्या किड्यासारखा. काच स्वच्छ असेल तर ठिपक्याची भीती वाटते. काचेवर आधीच वीस ठिपके असतील तर एकविसाव्याकडे कोण पाहणार?

विमानाच्या पोटाकडचे काम सर्वांत नकोसे. जमिनीवर उताणे पडायचे आणि इंजिनाचे तेल, काजळी, चिखल चेहऱ्यावर घेत पुसायचे. पण पोट पुसणाऱ्यालाच कळते की तेलाचा ओघळ गेल्या रविवारी होता त्यापेक्षा आज लांब आहे. रिव्हेटभोवती काळसर शेपूट दिसली तर ती रिव्हेट सैल झालेली असते. तडा आधी मळाखाली असतो, मग दिसतो. उस्तादांच्या लेखी धुणे आणि तपासणे ही दोन कामे नव्हतीच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. धुताना विमानाच्या डाव्या बाजूला असलेल्या एका बारीक भोकात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावतात. बाहेरच्या हवेचा दाब त्या भोकातून आत जातो आणि त्यावरून उंची व वेग दाखवणारे काटे चालतात. पट्टी तशीच राहिली तर उंचीचा काटा गोठतो आणि वेगाचा खोटे बोलतो. उस्तादांचा नियम असा की लावलेली प्रत्येक पट्टी काढून त्यांच्या तळहातावर आणून द्यायची. एका रविवारी उस्ताद नव्हते. पट्टी मी लावली आणि विसरलो. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारताना वैमानिकाला ती दिसली. तो भडकला. हॅंगर झाडणारा, माझ्याच वयाचा एक मुलगा बादली घेऊन तिथेच उभा होता. त्यानेच धुतले असणार असे गृहीत धरून वैमानिकाने त्याला नाही नाही ते सुनावले. तो गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. मला कोणी विचारलेच नाही, ही माझी सबब.

२ ऑक्टोबर १९९६ रोजी मध्यरात्रीनंतर लिमाहून सांतियागोला निघालेले एरोपेरूचे बोइंग ७५७ विमान प्रशांत महासागरात कोसळले. ७० माणसे गेली. विमान धुऊन चकाकी देताना त्या भोकांवर लावलेली पट्टी काढायची राहून गेली होती. देखरेख करणाऱ्यांना ती दिसली नाही, अंधारात फेरी मारणाऱ्या वैमानिकालाही दिसली नाही. पुढे देखभालीच्या एका कामगाराला न्यायालयाने दोषी ठरवले. पट्टी त्यानेच ठेवली होती, हे नाकारायचे कारण नाही. पण हे वाचले तेव्हा मला बादली घेऊन उभा असलेला मुलगा आठवला. पुसणाऱ्याचे काम चांगले झाले तर ते दिसत नाही. चुकले तर फक्त तोच दिसतो. आणि आमच्याकडे तर चूक दुसऱ्याची असली तरी तोच दिसतो, कारण हातात बादली कोणाच्या असायची हे आधीच ठरलेले आहे.

१९३२ सालचे दोन प्रसंग मी तेव्हापासून शेजारी शेजारी ठेवून पाहतो. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ हे चिमुकले विमान मुंबईला जुहूच्या पट्टीवर उतरवतात. ती गोष्ट सर्वांना पाठ आहे. दीडेक महिन्यातच रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन उपोषण करतात, कशासाठी, तर भंगीकाम आपल्याला करू द्यावे म्हणून. आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजी येरवड्यात अन्न सोडतात. सरकारने ते काम जातीप्रमाणे वाटले होते आणि ब्राह्मण कैद्याला ते देणे नियमात बसत नव्हते. उडण्याची परवानगी मिळवणे अवघड असते हे समजते. झाडण्याचीही परवानगी मिळत नाही, हे समजायला या देशात राहावे लागते.

इथे एक मोह टाळायला हवा. सफाई ही पूजा आहे, असे म्हणून लेख संपवता येतो. गाडगेबाबा म्हणू शकत होते, कारण कीर्तनाआधी गाव ते स्वतः झाडत. बाकीच्यांनी म्हटले की आंबेडकरांचा आक्षेप समोर उभा राहतो: ज्यांना या कामातून सुटका हवी त्यांच्यापुढे कामाची थोरवी गाणे म्हणजे त्यांना तिथेच बांधून ठेवणे. मीही पुसत होतो, पण मला बदल्यात आकाश मिळणार होते. त्या मुलाला पगार मिळत होता. उजव्या खुर्चीत तो कधी बसलेला मी पाहिला नाही.

मग पुसणाऱ्याला द्यायचे काय? मला वाटते, आधी त्याची नजर मान्य करायची. वस्तूच्या इतक्या जवळ दुसरे कोणी जात नाही. तेव्हा तिच्याविषयी त्याला जे कळते ते विचारायचे आणि चुकीचा दोष वाटताना वाटा आपलाही मोजायचा. त्यानंतर फडके कधीमधी आपल्या हातात घ्यायचे. थोरवीसाठी नाही, हिशेब बरोबर राहावा म्हणून.

आता मी नोएडात राहतो. आमच्या कॉलनीत पहाटे गाड्या पुसणारा येतो. मागच्या महिन्यात त्याने बेल वाजवून सांगितले की मागच्या उजव्या चाकात खिळा आहे. मी आभार मानले आणि खिळा काढून आणला. संध्याकाळी लक्षात आले की चार वर्षांत त्याचे नाव मी विचारलेले नाही. दुसऱ्या दिवशी लवकर उठून खाली गेलो.