मुक्कामाचे ऋण

प्रवासास निघालेल्या मनुष्यास दिवसभर काय पाहावे याची चिंता असते. पण रात्री पाठ कोठे टेकावी हा प्रश्न त्याहून जुना आहे. आपल्या पूर्वजांपुढे तो फारसा उभा राहत नसे, कारण निवडीला वावच नव्हता. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी येथे कुलदेवतेच्या सेवेस आलेला कुळावी देवळाच्या अग्रशाळेत उतरे, आणि काशी-रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरू कोणा पुण्यवंताने बांधलेल्या धर्मशाळेत. इंदूरच्या वाचकांस या संदर्भात अहल्याबाई होळकरांचे नाव सांगावयास नकोच. आज हातातल्या लहानशा काचेवर शेकडो घरांची चित्रे, त्यांचे दर आणि अनोळखी लोकांनी त्यांना दिलेले गुण आपण चाळीत बसतो. निवड हाती आली, ही सोय खरीच. पण निवडीबरोबर एक प्रश्नही आला. मोल देऊन राहणारा मनुष्य, मोल चुकते करण्यापलीकडे, यजमानाचे काही देणे लागतो काय? आम्हांस हा प्रश्न श्रीलंकेत पडला, आणि तो आमच्याच चुकीमुळे पडला, म्हणून येथे लिहीत आहो.

आमच्या देवस्थानाच्या महाजनांपैकी आम्ही चौदा जण गेल्या वर्षी फाल्गुनात त्या बेटावर गेलो होतो. मुन्नेश्वरम्, त्रिंकोमालीचे कोणेश्वरम्, रामायणाच्या कथेशी जोडलेली डोंगराळ प्रदेशातील स्थाने आणि कतरगामचा कार्तिकेय, असा बेत होता. मुक्काम ठरविण्याचे काम तिघांवर सोपविले होते. ते दिसते तितके सोपे नव्हते. त्या एवढ्याशा देशात पावसाळे दोन. नैर्ऋत्येचा पाऊस साधारण मे ते सप्टेंबर पश्चिम व दक्षिण भागांत पडतो, तर ईशान्येचा डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेत व पूर्वेत. त्यामुळे सगळे बेट एकाच वेळी निखळ कोरडे सापडणे कठीण. कोलंबोत रात्री पंख्याविना झोप येत नाही, आणि सुमारे १,८७० मीटर उंचीवरच्या नुवारा एलियात दोन पांघरुणे व कढत पाणी असल्याखेरीज वृद्धांस राहवत नाही. शिवाय यात्रेत मासळी वर्ज्य करण्याचा आमचा संकल्प होता, आणि तेथे भाजीत, खोबऱ्याच्या चटणीतदेखील मालदीवची सुकी मासळी कुटून घालण्याची रीत आहे. म्हणून जेथे मुक्काम, तेथे आधी लिहून कळविणे भाग होते.

उतरण्याची ठिकाणेही नाना प्रकारची. कोलंबोच्या समुद्रकाठी १८६४ पासून उभे असलेले गॉल फेस हॉटेल एका टोकाला, तर तमिळ देवळांच्या आश्रयाने चालणारे यात्रेकरूंचे मडम् दुसऱ्या टोकाला. मध्ये ब्रिटिश अमदानीत अधिकाऱ्यांच्या फिरतीसाठी उभारलेली विश्रामगृहे, आणि अलीकडे घराच्या माडीवर चार-पाच खोल्या काढून संसार चालविणारी कुटुंबे. आमच्यांतील एकदोघांचा आग्रह मडम्‌चा होता, कारण तेथे खर्च नगण्य. आम्ही तो मोडून काढला. ज्याच्या खिशात भाडे आहे त्याने निर्धनासाठी अंथरलेली चटई अडवू नये, हे आपल्या अग्रशाळांच्या बाबतीतही आम्ही मानीत आलो आहो. मोठ्या हॉटेलांत उतरणे पाप आहे असेही नव्हे. तेथेही शेकडो माणसांच्या चुली पेटतात. तरी आम्ही बहुतेक ठिकाणी लहान घरेच निवडली, आणि या निवडीचा आम्हांस थोडा अभिमानही वाटत होता. तो दवडावा लागला, त्याची ही हकीकत.

कोणेश्वरम् हे समुद्रात घुसलेल्या उंच खडकावर आहे. १६२२ मध्ये पोर्तुगीजांनी तेथील मंदिर पाडले व त्याच्या दगडांनी किल्ला बांधला. गोमंतकातील मनुष्य तेथे उभा राहिला की त्याला वेगळे सांगावे लागत नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा अशाच संकटात निघाली, आणि अंत्रूजच्या रानाने त्यांस जागा दिली. ज्यांच्या देवांनाच एकदा परक्या गावी आश्रय मागावा लागला, त्या लोकांनी आश्रयाचे मोल विसरू नये, असे त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांस मोठ्या गांभीर्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही काय केले ते वाचकांनी पाहावे.

दुसऱ्या रात्रीचा मुक्काम कँडीजवळच्या टेकडीवर एका कुटुंबाच्या घरी ठरला होता. पाच खोल्या, रात्रीचे जेवण त्यांच्याकडेच, आणि मासळी नको हे दोनदा कळविलेले. सकाळी वाटेत आमच्यांतील एकाने सहज पाहिले, तो कँडी गावातच एका नव्या लॉजने दर उतरवलेले. लिफ्ट होती, तळे जवळ, आणि माणशी हिशेब केला तर एका थाळीच्या किमतीइतकी बचत. आधीचे आरक्षण दुपारपर्यंत विनामूल्य रद्द करण्याची मुभा होती. कोणी हरकत घेतली नाही. बोट एकदा टेकविले, आरक्षण रद्द झाले, आणि आम्ही दंबुल्लाची लेणी पाहावयास उतरलो.

रात्री आठ वाजता आमच्या गाडीच्या चालकाचा दूरध्वनी वाजला. त्याचा क्रमांक आम्हीच त्या घरी देऊन ठेविला होता. रद्द झाल्याचा निरोप त्या बाईंनी पाहिलाच नव्हता. दुपारपासून त्या स्वयंपाकघरात होत्या. चालक “अक्का, अक्का” म्हणत काही पुटपुटला आणि त्याने यंत्र आमच्या हाती दिले. आम्ही अडखळत खरे ते सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग त्या इंग्रजीत इतकेच म्हणाल्या, “तुमच्यांपैकी कोणी आजारी तर नाही ना?”

त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बरे वाटले असते. आपल्या शिरवाळ्यांसारखी तांदळाच्या पिठाची इंदिआप्पे त्यांनी चौदा माणसांपुरती दाबून ठेविली होती, आणि नारळाच्या रसातली भाजी मासळीवाचून वेगळी रांधली होती. साचा दाबताना मनगटे कशी भरून येतात हे आमच्या घरांतील बायकांस सांगावयास नको. आमच्यांत वयाने सर्वांत वडील असलेल्या काकी त्या रात्री जेवल्या नाहीत. कोंकणीत त्या एकच वाक्य बोलल्या: “दिल्लें उतर फाटीं घेवंक जायना.”

यावर आमच्यांत रात्री उशिरापर्यंत वाद झाला, आणि तो एकतर्फी नव्हता. एक निवृत्त बँक-अधिकारी म्हणाले की, रद्द करण्याचा नियम आपण केलेला नाही; त्या बाईंनी तो जाणूनबुजून स्वीकारला आहे. विनामूल्य रद्द करता येते म्हणूनच अधिक लोक आरक्षण करतात, आणि काही जण येणार नाहीत हे धरूनच दर ठरतो. शिवाय प्रवासात दुखणी येतात, वाहने मोडतात; ही मोकळीक नसेल तर वृद्धांनी घराबाहेर पडूच नये. आणि दया म्हणून पैसे देऊ केले, तर ज्या बाई व्यवहार करीत आहेत त्यांस आपण याचक ठरवू. हे म्हणणे वजनदार आहे. आम्ही ते आजही खोडून टाकू इच्छीत नाही. आमच्यांतील कोणास ताप आला असता, तर आरक्षण रद्द करण्यात दोष नव्हता, आणि त्या बाईंचा पहिला प्रश्न नेमका तोच होता. आम्ही निरोगी होतो. त्यांनी आमच्यासाठी जे सबळ कारण मनात धरले होते, ते आमच्यापाशी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे त्या घरी गेलो आणि ठरलेली सर्व रक्कम पुढे ठेविली. बाईंनी कागदावर तांदूळ, नारळ, भाजी व गॅस यांचा हिशेब मांडला, तेवढेच पैसे घेतले आणि उरलेले परत केले. खोल्यांचे भाडे घेण्यास त्या तयार नव्हत्या; म्हणाल्या, “तो नियम मीही मान्य केलेला आहे.” बोलता बोलता कळले की माडी २०१८ मध्ये कर्ज काढून बांधली होती. त्या वर्षी देशात सुमारे २३ लक्ष परदेशी प्रवासी आले होते. पुढच्याच वर्षी २१ एप्रिलला चर्चांवर आणि हॉटेलांवर बाँबहल्ले झाले. मग महामारी आली, आणि २०२१ मध्ये प्रवाशांची संख्या दोन लक्षांच्याही खाली गेली. २०२२ च्या एप्रिलात देशानेच परदेशी कर्जाची फेड थांबविली, आणि पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या. हे सारे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. भिंत अर्धी का रंगवली आहे, असे आम्ही विचारले म्हणून सांगितले.

त्यांचा हिशेब चुकता झाला. आमचा झाला नाही, आणि का झाला नाही याचा विचार करीतच आम्ही नुवारा एलियाचा घाट चढलो.

तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीस देव मानावयास सांगितले, आणि पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञास स्थान आहे. हे सर्व आपण यजमानाचे कर्तव्य म्हणून पाठ करतो. पाहुण्याच्या कर्तव्याविषयी फारसे बोलत नाही. अतिथी शब्दाचा प्रचलित अर्थ असा की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. अवचित आलेला मनुष्य काहीच कबूल करून येत नाही, म्हणून तो अवचित निघून गेला तरी त्याच्याकडे वचनभंगाचा दोष जात नाही. आम्ही मात्र तिथी दिली होती, संख्या दिली होती, काय खाणार नाही हेही कळविले होते. अतिथीस जी मोकळीक आहे ती आम्हांस नव्हती, कारण आमच्या शब्दावर विसंबून एका घरात चूल पेटली होती. आम्ही मोल देणारे आहो, तेव्हा आमच्यावर बंधन कमी, असे आम्ही समजत होतो. वस्तुतः ते अधिक होते. नियमाने दंड माफ केला होता. दिलेला शब्द माफ करण्याचा अधिकार नियमाला नव्हता. तो फक्त त्या बाईंना होता, आणि आम्ही त्यांस विचारलेही नव्हते.

घाटात रंबोड्याच्या हनुमंताचे दर्शन घेऊन दुपारी आम्ही सीता एलियास पोहोचलो. ओढ्याच्या काठी लहानसे देऊळ आहे. सीतेला जेथे ठेविले ती अशोकवाटिका हीच, अशी तेथील श्रद्धा. तेथे उभे असता आमच्यांतील एकाच्या मनात आले, आणि त्याने ते बोलून दाखविले, की रामायणातील सगळे अनर्थ ज्या एका क्षणापासून वाढले, तो क्षण खोट्या पाहुण्याचा आहे. रावण पर्णकुटीच्या दारी आला तो शस्त्र उगारून नव्हे. यतीच्या वेषात, अतिथी म्हणून आला, आणि सीतेने त्याचा अतिथी म्हणून सत्कार केला. आमचा अपराध त्याच्यापुढे कणभरही नाही, हे आम्ही जाणतो. पण जात एकच आहे: दार उघडणाऱ्याच्या विश्वासाचा आपल्या सोयीसाठी उपयोग करणे. त्या देवळात आम्हांस हे जितके स्पष्ट दिसले, तितके कँडीच्या लॉजमध्ये दिसले नसते.

परतीच्या वाटेवर आम्ही एक जुना अंबलम् पाहिला. दगडांवर टेकविलेले ओंडके, त्यांवर लाकडी खांब आणि छप्पर, भिंती नाहीत. वाटसरूंसाठी गावाने बांधलेली विसाव्याची जागा. अशा जागी पूर्वी पाण्याचा माठ भरून ठेवीत, आणि त्याचे सिंहली नाव ‘पिन् तालिय’, म्हणजे पुण्याचा माठ. आपल्या पाणपोईचीच ती बहीण. तेथे कोणी कोणास निवडीत नसे, म्हणून कोणी कोणास नाकारीतही नसे. ते दिवस परत येणार नाहीत, आणि आम्ही त्यांची हळहळ करीत बसणार नाही; ज्यास निवड मिळाली त्याने निवडीचे ओझेही उचलावे, एवढेच.

पुढच्या यात्रेसाठी आमच्या मंडळीने काही गोष्टी ठरविल्या आहेत. दोन ठिकाणी आरक्षण करून शेवटी एक सोडावयाचे, असे करावयाचे नाही. कोणाच्या घरी जेवण सांगितले की तो मुक्काम दर पाहून बदलावयाचा नाही. बदलणे अपरिहार्य झालेच, तर यंत्रावर बोट टेकवून थांबावयाचे नाही. त्या घरच्या माणसाशी स्वतः बोलावयाचे, कारण सांगावयाचे, आणि शिजलेल्या अन्नाचे मोल द्यावयाचे. हे नियम लहान आहेत. यांनी त्या बाईंची ती संध्याकाळ परत येत नाही.

यंदा काही कुटुंबे त्याच वाटेने जाण्याचे म्हणत आहेत. काकींनी त्यांस त्या टेकडीवरील घराचा पत्ता दिला आहे, आणि बजावले आहे की, तेथे उतरणार असाल तरच कळवा.