समजा, या खोलीत

१ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक बाई समाजमंदिरात आल्या. दरवर्षीसारखं भाषण होईल, लाल फीत टोचतील आणि चहा मिळेल, असाच सगळ्यांचा हिशेब. बाईंनी मात्र प्रश्न विचारायला सुरुवात केली.

कॉलेजची पोरं तयारीची. विषाणूचं नाव, पसरण्याचे मार्ग, सगळं धडाधड. "आता गोळ्या आल्यात मॅडम, घाबरतंय कोण?" तपासणी कुणी करून घेतली, म्हटल्यावर नुसता हशा. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी टीव्हीवरच्या जाहिराती पाढ्यांसारख्या म्हणून दाखवल्या : हात मिळवून होत नाही, सोबत जेवून होत नाही. गावातल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या विधवेचा कप वेगळा ठेवणारी घरंही यांचीच, पण तो विषय कुणी काढला नाही. एका आजोबांनी डासांचं विचारलं. पोरं खिदळली. "डासानं नाही होत, आजोबा," बाईंनी सरळ सांगितलं.

मग म्हणाल्या, "समजा, या खोलीत एकजण रोज एचआयव्हीची गोळी घेतो. २००४ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. नेमानं घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनसुद्धा जोडीदाराला लागण होत नाही. आता तो कोण, हे मी सांगणार नाही. २०१७ च्या कायद्यानं सांगताही येत नाही."

'समजा' कुणाच्या कानातच शिरलं नाही. म्हाताऱ्यांच्या माना ड्रायव्हर लोकांकडे वळल्या, बायांच्या त्या विधवेकडे, पोरांच्या मुंबईहून परतलेल्या एकाकडे.

तेवढ्यात चहा आला. पेले पाच-सहाच, विसळून फिरवायचे. ट्रे रांगेतून गेला तसा परत आला. मघाशी पैकीच्या पैकी मिळवलेल्यांना अचानक पित्त झालं होतं.

मागे गिरणीवाली आजी बसली होती. एकाही प्रश्नाला तिनं तोंड उघडलं नव्हतं. तिनं पेला उचलला, दोन घोट घेतले.

"बाई, ते मेलं तोंडाकडं बघून कळतं का?"

"नाही आजी. रक्त तपासल्याशिवाय नाही कळत."

"मग ही समदी एकमेकांची तोंडं काय बघत्यात?" तिनं चहा संपवला. "तपासणीला पैसे नाहीत ना? पहिली माझी घ्या, दळणं पडल्यात. आन् ह्या हसणाऱ्यांना माझ्यामागं उभं करा."