शत्रूचा चेहरा

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाच्या नावाने एक शस्त्रागारच उभे केलेले दिसते. त्यात विश्वासाची ढाल आहे, तारणाचे शिरस्त्राण आहे. पण ही आयुधे धारण करणाऱ्याला बजावले जाते, की तुझे युद्ध माणसांशी नाही. ते अदृश्य दुष्ट शक्तींशी आहे. आद्य ख्रिस्तमंडळीच्या आध्यात्मिक युद्धाचे नैतिक मर्म या मर्यादेत आहे. शत्रू मानवेतर मानला, की समोरच्या माणसाचा द्वेष करण्याचा अधिकार उरत नाही.

या मर्यादेची कसोटी छळाच्या काळात लागली. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे पर्पेतुआ ही तरुण माता श्वापदांपुढे टाकली जाणार होती. आदल्या दिवशी तिला दृष्टान्त झाला: आपण आखाड्यात एका इजिप्शियन मल्लाशी झुंजत आहोत. आपला प्रतिस्पर्धी श्वापद नसून सैतान आहे, असा अर्थ तिने लावला. न्यायाधीश आणि प्रेक्षक या अर्थातून आपोआप वगळले गेले. पुढच्या पिढीत अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने यहोशवाच्या रक्तरंजित लढायांचे रणक्षेत्रही माणसाच्या अंतःकरणात आणून ठेवले.

इ. स. ३१३ नंतर साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. रक्तसाक्षीचा मार्ग मिटला, आणि अनेकांनी इजिप्तच्या वाळवंटाची वाट धरली. अँथनी तेथे पूर्वीच गेला होता. त्याच वाळवंटात इ. स. ३९९ मध्ये निवर्तलेल्या इव्हाग्रियसने या युद्धाचे शास्त्र रचले. खादाडपणा, कामवासना, लोभ, विषाद, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व असे आठ कुविचार त्याने सांगितले. षड्रिपूंची कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्या मराठी वाचकाला या यादीत भर दुपारी साधकाला घेरणारा उबग विशेष वेधक वाटेल. दिवस सरत नाही, कोठडी खायला उठते, आणि दुसरीकडे गेलो तर साधना बरी होईल असे मन सुचवू लागते.

येथे आक्षेप निघतो. मोहाचा कर्ता सैतान असेल, तर माणसाची जबाबदारी कोठे राहिली? इव्हाग्रियसचे उत्तर नेमके आहे: कुविचाराचे येणे आपल्या स्वाधीन नाही, त्याला मुक्काम करू देणे मात्र आपल्या स्वाधीन आहे. क्रोधाविषयी तो आणखी पुढे जातो. क्रोध ही शक्ती दुरात्म्यांशी झुंजण्यासाठी आहे. ती माणसावर रोखणे म्हणजे तिचा दुरुपयोग होय.

दुर्दैवाने, या विवेकात एक फट होती. परधर्मीयांचे देव हे दुरात्मेच आहेत, ही समजूत मंडळीत आरंभापासून होती. मंडळी दुर्बल होती, तोवर ती समजूत मूर्तींपासून दूर राहण्यापुरती होती. हाती सत्ता येताच अदृश्य शत्रूला पत्ता मिळाला. अलेक्झांड्रियातील सेरापिसचे भव्य मंदिर इ. स. ३९१ च्या सुमारास उद्ध्वस्त झाले. इ. स. ४१५ मध्ये त्याच नगरीत ख्रिस्ती जमावाने हायपेशिया या विदुषीची हत्या केली. अंतर्युद्धाचे शास्त्र रचले जात होते त्याच देशात, त्याच काळात हे घडले.

तेव्हा युद्धाचे रूपक त्याज्य ठरते काय? मला तसे वाटत नाही. अशुभाशी झगडा नाकारला, तर नीतीच निस्तेज होईल. मात्र त्या पत्रातील मर्यादा हाच या युद्धाचा पहिला नियम आहे. शत्रूला शेजाऱ्याचा चेहरा मिळाला, की साधकाने प्रथम स्वतःच्या क्रोधाची झडती घ्यावी.