तवांगला जोडलेले हात

गुरुचरित्राच्या सप्ताहात मी परान्न घेत नाही. वडिलांपासून चालत आलेला नेम. चाकणला कंपनीत होतो तेव्हाही त्या सात दिवसांत कॅन्टीन बंद, घरचा डबा. या नेमाबद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती आली यंदा ऑक्टोबरात, आणि आली कुठे, तर तवांगला!

निवृत्तीनंतर मुलाने तिकिटं काढून दिली म्हणून आम्ही उभयता निघालो. गुवाहाटी, तेजपूर, भालुकपाँगला परमिट दाखवायचं, मग दिरांगला मुक्काम. 2024 च्या मार्चपासून सेलाचा बोगदा सुरू झाला आहे, पण आमच्या ड्रायव्हरने हौसेने जुन्या घाटाने गाडी घेतली. 13,700 फुटांवर हिला धाप लागली. मी हात धरून दिगंबराचा जप करत बसलो. पुढे जसवंतगडाला, 1962 च्या लढाईतल्या त्या शूर गढवाली जवानाच्या स्मारकापाशी, सैनिकांनी गरम चहा दिला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तवांगचा मठ 1680-81 सालचा, मेराग लामांनी उभारलेला. त्यांचा घोडा हरवला आणि जिथे सापडला तीच जागा मठाला निवडली, अशी तिथली कथा. सहावे दलाई लामा याच परिसरातले, जन्म 1683 चा. मठात लोण्याचे दिवे तेवत असतात. मोनपा आज्या मणिचक्रं फिरवत जातात, तीही उजवीकडून, आपण औदुंबराला प्रदक्षिणा घालतो तशीच. आत बुद्धाची भव्य मूर्ती. माझे हात आपोआप जोडले गेले, डोळे पाणावले. मनात म्हटलं, दत्तमहाराज काय नि हे काय, एकच.

बाहेर पायरीवर बूट घालताना ही सहज म्हणाली, "अहो, ते देहूरोडचे तुमच्या लाइनवरचे, इतकी वर्षं बोलवत होते. त्यांच्याकडे नाही गेलात कधी."

मी काहीच बोललो नाही. बुटाची नाडी मात्र फार वेळ बांधत राहिलो.

देहूरोडच्या बुद्धविहारात 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. दर 25 डिसेंबरला तिथे माणसांचा पूर लोटतो. माझं घर आकुर्डीला, म्हणजे लोकलचं एकच स्टेशन. या मित्राबरोबर मी वीस वर्षं एका लाइनवर उभा राहिलो. कॅन्टीनमध्ये शेजारी बसून जेवलो. माझ्या हाताला मशीन लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये माझ्याबरोबर तोच होता. डिसेंबर आला की तो म्हणायचा, "भाऊ, पंचवीसला या. घरी जेवून जा."

आणि मी म्हणायचो, "पारायण चालू आहे हो."

काही वर्षी ते खरंही होतं. 2023 ला जयंती 26 डिसेंबरला आली, सप्ताह ऐन भरात होता. पण 2024 ला जयंती 14 तारखेलाच झाली. तेव्हा मी कुणाचं तरी लग्न काढलं. म्हणजे अडचण परान्नाची नव्हती.

मग कशाची होती? पहिलं उत्तर मी स्वतःला सोयीचं दिलं: अनन्य भक्ती. ज्याने एका चरणाशी मन ठेवलं त्याने दारोदार कशाला फिरावं? पण हे उत्तर तवांगच्या पायरीवरच गळून पडलं. तिथे मला अनन्यता आठवली नव्हती.

खरी गोष्ट अशी की तवांगचा बुद्ध माझ्याकडे काही मागत नाही. तिथल्या लामाचं आणि माझ्या घराण्याचं जुनं देणंघेणं नाही. तिथे 'सगळे एकच' म्हणायला दोन हातही पुरतात. देहूरोडला तसं नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्या मनाने म्हणालो होतो, "बुद्ध म्हणजे आमचा नववा अवतारच की." तो डबा बंद करत शांतपणे म्हणाला, "भाऊ, आमच्या बावीस प्रतिज्ञांत हे नाकारलंय. का नाकारलंय ते कधी विचारा." मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्या आजोबांना कुठल्या पाणवठ्यावर थांबवलं, हे ऐकावं लागलं असतं, आणि थांबवणारे कोण, हेही.

गाणगापुरी श्रीगुरूंनी सात रेघा ओढून मातंगाला एकेक ओलांडायला लावली आणि त्याच्या मुखातून वेद वदवले. ही कथा मी दर वर्षी वाचतो. वाचताना मी कायम श्रीगुरूंच्या मागे उभा असतो, समोरच्या गर्विष्ठ पंडितांत कधीच नाही. भस्म धुतलं गेल्यावर तो माणूस पुन्हा होता तसा झाला, हेही त्याच कथेत आहे. त्याबद्दल आमच्या मंडळात कुणी बोलत नाही. मीही नाही.

अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत पिंगला वेश्या आहे, मध गोळा करणारा आहे, राजाची मिरवणूक शेजारून गेली तरी मान वर न करणारा बाण घडवणारा कारागीर आहे. या कारागिराचं मला फार कौतुक, कारण माझंही आयुष्य यंत्रावरच गेलं. पण अवधूत त्याच्या दुकानापाशी गेला होता, तेव्हाच त्याला तो दिसला. शिकायचं तर जावं लागतं. एवढं साधं मला चोवीस नावं पाठ असून कळलं नाही.

घरी आल्यावर चार दिवस फोन हातात घेऊन ठेवला. पाचव्या दिवशी लावला. इकडचं तिकडचं झालं, तवांगचे फोटो पाठवतो म्हणालो. मग म्हटलं, "यंदा जयंती 4 तारखेलाच आहे. पंचवीसला येईन म्हणतो."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"लग्न नाही का कुणाचं?" तो म्हणाला.

मला ते लागलं. लागायलाच हवं होतं. मी म्हटलं, "नाही."

"मग सकाळी लवकर या, नंतर रांग वाढते. वहिनींनाही आणा. आणि भाऊ, जेवून जायचंय हां."